पोलादपूरचा पितळी बाजा

महाडचे नाव पुस्तकात येते ते पाण्यामुळे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. पण महाडात राहणाऱ्याला पाणी म्हटले की आणखी एक तारीख आठवते, २२ जुलै २०२१. त्या दिवशी सावित्री आणि गांधारी बाजारपेठेतून वाहत होत्या. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसे गेली. त्या दुःखापुढे आमच्या शाळेचे नुकसान सांगावे असे नाही. तरी सांगतो, कारण हा प्रवास त्यातूनच निघाला.

शाळेच्या बँडचे सामान तळमजल्यावरच्या खोलीत होते. पाणी ओसरल्यावर दार उघडले तर ढोलांची कातडी फुगून फाटलेली, बिगुल चिखलात रुतलेले. पुढच्या दोन-तीन वर्षांत मोहल्ल्यातल्या लोकांनी आणि आखातात नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी थोडे थोडे पैसे दिले. ढोल आले, ट्रम्पेट आले, एक क्लॅरिनेटही आली. पण मुले वाजवू लागली की आवाज वरच्या वर तरंगायचा, त्याला बूड नसायचे. आमचे पीटी सर म्हणत, ‘‘खाली बेस नाही म्हणून असे होते. एक ट्यूबा हवा.’’

वाद्य म्हटले की आपल्या काही घरांत कपाळाला आठी पडते, हे आम्हाला माहीत आहे. त्या वादात इथे शिरत नाही. शाळेचा बँड कवायतीसाठी आणि २६ जानेवारीच्या संचलनासाठी आहे, एवढेच सांगून पुढे जातो.

नवा ट्यूबा घेण्याइतके पैसे उरले नव्हते. अशात कळले की पोलादपूरला एका मरहूम बँडमास्तरांच्या घरी जुना ट्यूबा विकायचा आहे. गेल्या डिसेंबरात एका रविवारी आम्ही तिघे निघालो. आम्ही, पीटी सर, आणि आमचे मामू. मामूंनी मुंबईत लग्नाच्या बँडमध्ये वीस वर्षे बेस वाजवला आहे. त्यांना नेले नसते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. चकचकीत पितळ पाहून आम्ही पैसे मोजले असते आणि घरी आलो असतो.

महाड ते पोलादपूर हे अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. एसटी महाड सोडते आणि थोड्याच वेळात सावित्रीचा पूल येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला इंग्रजांच्या काळातला पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला. रुंद आहे, मजबूत आहे. तरीही गाडी पुलावर आली की महाडची माणसे बोलता बोलता थांबतात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा बोलू लागतात. मामू मुंबईचे, त्यांना हे माहीत नव्हते. ते जली कोठीची गोष्ट सांगत होते आणि आम्ही कोणी हुंकार देत नाही म्हणून आमच्याकडे पाहत राहिले.

जली कोठी हा मेरठ शहरातला भाग. हिंदुस्थानातल्या लग्नांच्या वराती ज्या पितळी बाजांवर नाचल्या, त्यांतले कितीतरी या एका मोहल्ल्यात घडले. नादिर अली आणि कंपनी हे तिथले सर्वांत जुने नाव, १८८५ पासूनचे. पितळेचा पत्रा कापून, वाकवून, ठोकून बाजा करणारे कारागीर बहुतेक आपलेच लोक. मामूंनी तरुणपणी तिथे जाऊन एक युफोनियम आणला होता. त्यांच्या तोंडी त्या गल्लीतल्या हातोड्यांचा आवाज ऐकला की आपल्याकडच्या तांबट आळ्या आठवतात.

ट्यूबा हे वाद्य मात्र तसे तरुण आहे. तबला-सनईच्या मानाने तर कालचेच. १८३५ च्या सप्टेंबरात बर्लिनमध्ये लष्करी बँडचे प्रमुख विप्रेख्त आणि वाद्ये घडवणारे मोरित्झ या दोघांनी त्याचे पेटंट घेतले. फौजेच्या बँडला चालता चालता वाजेल असा भक्कम खालचा सूर हवा होता, त्यासाठी ही खटपट. फौजेबरोबर तो जगभर गेला आणि आपल्याकडे पलटणीतून लग्नात आला.

पोलादपूरला उतरलो तेव्हा हवेत गारठा होता. इथून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो आणि महामार्ग पुढे कशेडीकडे जातो. तिन्ही बाजूंना डोंगर. ‘पोलाद’ हा शब्द फारसीतल्या ‘फौलाद’चाच, हे आम्ही उर्दूच्या तासाला मुलांना आवर्जून सांगतो. पोलादाच्या गावात पितळ घ्यायला आलो, असे पीटी सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

घर बाजारामागे होते. बँडमास्तरांचा पुतण्या दारातच भेटला. सलाम-दुआ झाली. पडवीत चादरीवर ट्यूबा आधीच मांडून ठेवला होता आणि सकाळच्या उन्हात तो असा चमकत होता की आमचे डोळे दिपले. तीन पिस्टनचा, तोंड वर असलेला. पुतण्या म्हणाला, ‘‘सर, चाचांनी जिवापाड जपलेला आहे. बावीस हजार.’’

मामूंनी किमतीकडे लक्ष दिले नाही. आधी त्यांनी ‘हा खरोखर ट्यूबाच आहे का’ ते पाहिले. आम्हाला हसू आले, पण त्यात हसण्यासारखे नव्हते. युफोनियम दिसायला याचाच धाकटा भाऊ, आणि बाजारात जुना मोठा युफोनियम ट्यूबा म्हणून खपवला जातो. युफोनियमची नळी उलगडली तर नऊ फूट भरते, आपल्या बँडला लागणाऱ्या बी-फ्लॅट ट्यूब्याची अठरा फूट. दुप्पट नळी, म्हणून सूर एक सप्तक खाली. मामूंनी बोटाने वळणे मोजत नेली आणि मान हलवली. ट्यूबाच होता.

मग त्यांनी वरच्या मोठ्या तोंडाकडे पाहिले. त्याला दोन पोचे होते, एक तर वाटीएवढा. पीटी सर लगेच म्हणाले, ‘‘इथे मार बसलाय, किंमत कमी करा.’’ मामू म्हणाले, ‘‘हा पोचा सोड. तिथे नळी एवढी रुंद आहे की हवेला पत्ताही लागत नाही. पोचा पाहायचा तो इथे.’’ आणि त्यांनी माउथपीस बसतो तिथपासून पिस्टनपर्यंतची बारीक नळी दाखवली. तिच्यात हवा नुकतीच शिरत असते. तिथे हरभऱ्याएवढा खळगा असला तरी सूर बिघडतो, फुंक अडते. तिथे पोचा नव्हता. पण मामूंची नजर त्या नळीवर जरा जास्तच रेंगाळली. तेव्हा काही बोलले नाहीत.

पिस्टन दाबून पाहिले तर जड जात होते आणि सावकाश वर येत होते. मामूंनी एकाचे झाकण फिरवून पिस्टन बाहेर काढला, वास घेतला आणि पुतण्याला विचारले, ‘‘खोबरेल घातलेस?’’ त्याने हो म्हटले. थंडीत खोबरेल थिजते, ते आपल्या घरातल्या बाटलीतही दिसते. पिस्टनला पातळ तेल लागते, ते त्याच कामासाठी मिळते. मामूंनी खिशातून त्याची बाटली काढली, तिन्ही पिस्टन फडक्याने पुसले आणि ज्याचा त्याच्या घरात परत घातला. पिस्टनवर आकडे कोरलेले असतात. एकाचा दुसऱ्यात गेला तर बाजा मुका होतो आणि अनाडी माणूस तो भंगारात काढतो. पुसताना त्यांनी पिस्टनची अंगे उन्हात धरून पाहिली. वरचा पांढरा मुलामा झिजून खालचे पिवळे पितळ दिसत असेल तर पिस्टन ढिला झाला असे समजावे. इथे मुलामा शाबूत होता.

त्यानंतर त्यांनी जी परीक्षा केली ती आमच्या विज्ञानाच्या बाईंना आवडली असती. प्रत्येक पिस्टनला जोडून एक वळलेली नळी असते, ती बाहेर सरकते. तिला स्लाइड म्हणतात. पिस्टन न दाबता स्लाइड बाहेर ओढायची, चार-पाच सेकंद थांबायचे आणि मग पिस्टन दाबायचा. आत पोकळी टिकून राहिली असेल तर ‘टप्’ असा आवाज येतो. आवाज आला म्हणजे पिस्टन घट्ट आहे, हवा गळत नाही. नुसताच सुस्कारा आला किंवा काहीच आले नाही, तर हवा बाजूने निसटते आहे. हा दोष मोठ्या खर्चाचा आणि बाहेरून दिसत नाही. पहिल्याने टप् केले. दुसऱ्याने केले. तिसऱ्याची स्लाइड हललीच नाही.

मामूंनी जोर लावला नाही. स्लाइड अडकली तर ओढाताण करू नये, नळी पिळवटते. त्यांनी त्याऐवजी खालच्या मोठ्या वळणाजवळची स्लाइड काढली, तिच्यात फडके घातले आणि बाहेर काढले. फडक्यावर राखाडी, मऊ गाळ होता. चिमटीत धरून त्यांनी तो आमच्यापुढे केला. महाडच्या माणसाला तो गाळ काय आहे हे सांगावे लागत नाही. २०२१ नंतर महिनाभर आम्ही तो कपाटांतून, शिवणयंत्रांतून, पुस्तकांच्या पानांतून काढत होतो.

‘‘हा पाण्यात होता का?’’ मामूंनी विचारले.

पुतण्या म्हणाला, ‘‘नाही हो. माळ्यावर होता. ओल लागली असेल.’’

मामूंनी मघाची बारीक नळी उन्हाकडे वळवली. चकचकीत पिवळ्यात तिच्यावर गुलाबी ठिपके होते, मोहरीएवढे, मध्ये काळसर. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ओल आत कायम राहिली की जस्त झिजून निघून जाते आणि तांबे उरते, म्हणून गुलाबी रंग. हा रोग आतून बाहेर येतो. बाहेर ठिपका दिसतो तेव्हा आत नळी चाळणीसारखी व्हायला लागलेली असते. नुसत्या एका पुराने असे होत नाही. वाजवणाऱ्याच्या श्वासाची ओलसुद्धा वर्षानुवर्षे तेच काम करते. पण आत गाळ बसला की ती ओल धरून ठेवतो.

इथे आमच्या वाचक भगिनींना एक शंका येईल. पितळेच्या भांड्याला चिंच जास्त वेळ लावून ठेवली तरी ते गुलाबी पडते, मग तोही रोग का? आम्हीही हेच विचारले. मामू म्हणाले, चिंचेचा डाग पसरट असतो, वरवरचा असतो आणि घासला की जातो. हे ठिपके घासले तर फिके होतात आणि पुन्हा त्याच जागी येतात. बाजा नुकताच घासलेला होता. पडवीच्या कोपऱ्यात चिंचेचा चोथा पडलेला आम्हालाही दिसला.

तेवढ्यात आतून चाची चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, ‘‘ओल नव्हे, बेटा. पूर होता. बाजा महाडला याच्या दुकानात होता, दोन दिवस गाळात पडून राहिला. मास्तर असते तर त्यांनी तुम्हाला आधीच सांगितले असते.’’

पुतण्या खाली पाहू लागला. चाची त्याला रागावल्या नाहीत. चहा घ्या म्हणाल्या आणि आत गेल्या. धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल बाहेर दाखवली गेली, ती बाजारातली हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. आम्हाला ती आठवली. पण ती त्या पोराला ऐकवावी असे वाटले नाही. त्याचेही दुकान त्याच पुरात गेले होते.

खरी अडचण यानंतर आली. चहा पिऊन आम्ही तिघे रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. पीटी सर म्हणाले, ‘‘आता ऐब त्यांनी स्वतःच कबूल केला. आठ हजार म्हणा, देतील.’’ पैसे लोकांचे होते, आमच्याकडे अमानत होते, त्यातला एक रुपया वाचला तर चार मुलांना ढोलाच्या काठ्या येतील. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आणि चाची खऱ्या बोलल्या म्हणून त्यांना आठ हजार, न बोलत्या तर बावीस, हा हिशेब आमच्या गळी उतरत नव्हता. आम्ही मामूंना म्हणालो, ‘‘तुम्ही दुकानदार असता तर हा केवढ्याला घेतला असता?’’

मामू परत पडवीत आले आणि त्यांनी ट्यूबा मांडीवर घेतला. स्वतःचा माउथपीस बसवून पाहिला. तो डळमळत नव्हता आणि पार आतही जात नव्हता, म्हणजे बसण्याची जागा ठीक होती. मग ते वाजवू लागले. आधी एकच सूर, लांब, श्वास संपेपर्यंत. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, पिस्टनला हात न लावता. आम्ही मोबाईलवर सूर मोजणारे अॅप धरले होते. काटा मध्याच्या जवळपास होता. जुन्या इंग्रजी फौजी वाद्यांचा सूर कधीकधी आजच्यापेक्षा चढा असतो आणि ती कितीही चांगली असली तरी आजच्या बँडमध्ये मिसळत नाहीत. हा तसा नव्हता. तिन्ही पिस्टन एकदम दाबून काढलेला सर्वांत खालचा सूर मात्र चढा आला. पीटी सरांनी भुवया उंचावल्या. मामू म्हणाले, ‘‘तीन पिस्टनच्या प्रत्येक बाजाचे हे असेच असते. हा ऐब नाही, स्वभाव आहे. चौथा पिस्टन त्यासाठीच लावतात, पण तो आपल्या खिशाला परवडायचा नाही.’’

एका सुराला कुठेतरी झणझण ऐकू येत होती. मामूंनी बोटाच्या पेराने सांधे ठोकत नेले. एका आडव्या पट्टीचे डाग सुटले होते. ते पुन्हा लावून मिळते, किरकोळ काम. थुंकी काढायच्या चावीचे बूच गेले होते, तेही किरकोळ. चाची दारात येऊन ऐकत उभ्या होत्या. पदर तोंडाला लावला होता, पण रडत नव्हत्या. पुतण्याने सांगितले की चाचा गेल्यापासून तो वाजला नव्हता.

मग मामूंनी तिथेच, सगळ्यांसमोर हिशेब मांडला. पिस्टन उत्तम, सूर ठीक, वरचे तोंड कुठे तडकलेले नाही. या अवस्थेतला निरोगी बाजा त्यांच्या मते वीस हजारांचा. त्यातून बारीक नळी नवीन घालायची तिची मजुरी, अडकलेली स्लाइड सोडवायची, डाग लावायचे, आत धुऊन घ्यायचे, मिळून सहा हजार. राहिले चौदा. ‘‘यात मी काही लपवले असेल तर तू सांग,’’ असे ते पुतण्याला म्हणाले. तो काय सांगणार? चाची आतून म्हणाल्या, ‘‘चौदा बरोबर आहेत.’’ पीटी सरांनी नोटा मोजल्या. आम्ही एका कोऱ्या कागदावर पावती लिहिली आणि तिच्यात ‘पुरात भिजलेला’ हे शब्द घातले, म्हणजे उद्या शाळेच्या कमिटीत कोणी विचारले तर आमचीही मान खाली जाऊ नये.

परतीच्या एसटीत कंडक्टरने त्या धुडाकडे पाहून विचारले, ‘‘हे काय?’’ सामानाचे तिकीट फाडले आणि मागच्या सीटवर ठेवायला लावले. गाडी सावित्रीच्या पुलावर आली. या खेपेला मामूही गप्प होते. खिडकीतून नदी दिसत होती, डिसेंबरातली, गुडघाभर, बायका कपडे धूत असलेली.

दुरुस्तीला मामू तो मुंबईला घेऊन गेले. कारागिराने बारीक नळी काढून उन्हात धरली तेव्हा ठिपक्यांच्या जागी खरोखरच उजेड आरपार दिसला, असे मामूंनी फोनवर सांगितले. खर्च सहाचा साडेसहा हजार झाला. वरचे पाचशे पीटी सरांनी स्वतःच्या खिशातून घातले आणि याची वाच्यता करू नका म्हणाले. ते हा अंक वाचत नाहीत, म्हणून लिहिले.

आठवीतला एक मुलगा आता तो वाजवतो. अंगाने किरकोळ आहे, बाजाआड पुरता दिसत नाही. बसून वाजवतो, कारण उभ्याने पेलत नाही. २६ जानेवारीला त्याला खुर्ची देऊन मैदानाच्या कडेला बसवले आणि बाकीचा बँड त्याच्या पुढून चालत गेला. चाचींना बोलावणे गेले होते. त्या पुतण्याबरोबर आल्या, मागच्या रांगेत बसल्या आणि कार्यक्रम संपल्यावर त्या मुलाला जवळ बोलावून सांगून गेल्या की वाजवून झाल्यावर आतले पाणी दर वेळी काढ, मास्तर काढत असत. तिसरी स्लाइड सुटली आहे, पण पावसाळ्यात पुन्हा धरते. यंदा बँडची खोली वरच्या मजल्यावर नेली आहे.